लिंग-इम्प्लांटचं ऑपरेशन : आधीची तयारी आणि नंतरची काळजी (कोल्हापूर परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोल्हापूर, इचलकरंजी, कागल, गडहिंग्लज, पार निपाणीपर्यंतची मंडळी हे प्रश्न विचारतात. समोर बसून कमी, व्हॉट्सअॅपवर जास्त, आणि बहुतेक रात्री दहानंतर. युरॉलॉजीच्या ओपीडीत समुपदेशन करताना तेच तेच प्रश्न येत राहिले, म्हणून एका जागी आणले. नावगाव काढलं, भाषा शक्यतो विचारणाऱ्याची ठेवली. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येतं. दुसऱ्या उत्तराशी जोड असेल तिथे क्रमांक दिला आहे. तुमच्या सर्जननं वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. त्यांनी तुम्हाला तपासलंय, मी नाही.

१. इम्प्लांट म्हणजे नेमकं काय बसवतात?

लिंगाच्या आत लांबीला दोन स्पंजासारखे भाग असतात. त्यांत रक्त भरून अडकून राहिलं की ताठरता येते. हे काम कायमचं बंद पडलं असेल तर त्या दोन्ही भागांत एकेक कृत्रिम दांडी बसवतात.

प्रकार मुख्यतः दोन. पहिला वाकवता येणाऱ्या दांड्यांचा : हातानं वर केलं की वर राहतं, खाली दाबलं की खाली. दुसरा पाण्याचा, तीन भागांचा : लिंगात दोन पोकळ दांड्या, अंडकोशाच्या पिशवीत छोटा पंप आणि ओटीपोटात सलाइनची टाकी. पंप दाबत गेलं की टाकीतलं पाणी दांड्यांत येतं. काम झालं की बटण दाबून परत टाकीत पाठवायचं. सगळं कातडीच्या आत, बाहेर काही लोंबत नाही. ही काही कालची गोष्टही नाही. पाण्यावर चालणारं इम्प्लांट ह्यूस्टनच्या ब्रँटली स्कॉट यांनी १९७३ मध्ये जगापुढे मांडलं.

२. माझ्यावर थेट ऑपरेशनच करा, गोळ्या-बिळ्या नकोत. चालेल काय?

सहसा नाही. आधी कारण शोधतात : शुगर, रक्तदाब, टेस्टोस्टेरॉन, चालू औषधं, गरज पडली तर लिंगाचा डॉपलर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी). मग गोळ्या, व्हॅक्यूम पंप, लिंगात घ्यायचं इंजेक्शन. यातलं काहीच लागू पडलं नाही, सोसलं नाही किंवा रुग्णाला ते नकोच असेल, तर इम्प्लांट. ते शेवटी का ठेवतात, ते प्रश्न ८ मध्ये.

एक सांगून ठेवतो. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे बिघाड बऱ्याचदा तिथे आधी दिसतो. पन्नाशीतल्या माणसाची ताठरता हळूहळू गेली असेल तर हृदयाची तपासणी करून घ्यायलाच हवी, मग इम्प्लांट करा नाहीतर करू नका. आणि छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेट किंवा तशीच नायट्रेटची गोळी चालू असेल, तर ताठरतेच्या सिल्डेनाफिल-टाडालाफिल या गोळ्यांच्या नादी लागू नका. रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

३. वय २५ आहे, लग्न ठरलंय, मनात भीती बसली आहे. मला इम्प्लांट लागेल का?

पहाटे किंवा झोपेत ताठरता येत असेल, एकट्यानं जमत असेल, तर यंत्रणा ठीक आहे. त्रास भीतीचा आहे आणि त्यावर समुपदेशन, कधी थोडे दिवस गोळी, एवढं पुरतं. अशा मुलाच्या लिंगात दांडी घालणं म्हणजे चालता अवयव निकामी करणं. कुणी घाईनं ‘लग्नाआधी उरकून टाकू’ म्हणालं तर तिथून उठा.

तरुणांत खरी गरज पडते ती वेगळ्या कारणांनी : कमरेच्या मणक्याला इजा, ओटीपोटाच्या हाडाचं मोठं फ्रॅक्चर, किंवा तासन् तास न उतरलेली दुखरी ताठरता. हा शेवटचा प्रकार इमर्जन्सी आहे. चार तासांच्या वर गेलं की थेट दवाखाना गाठायचा, लाज बाजूला ठेवून. दीड-दोन दिवस गेले तर आतला भाग कायमचा कडक होतो, आणि मग काही वेळा लवकर इम्प्लांट हाच मार्ग उरतो.

४. स्टँडजवळच्या जाहिरातीतलं औषध घेतलं तेव्हा फरक पडला होता. मग ऑपरेशन कशाला?

‘शुद्ध जडीबुटी’च्या पुड्यांत सिल्डेनाफिल दळून घातलेलं अनेकदा सापडलं आहे. फरक पडला तो त्यामुळे असू शकतो, फक्त किती मिलिग्रॅम पोटात गेलं ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पुडी, बाटली, लेप, काय असेल ते डॉक्टरांना दाखवा. कुणी ओरडणार नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते माहीत असणं फार गरजेचं आहे.

५. दांडीचं घ्यावं की पाण्याचं? भावात एवढा फरक का?

दांडीचं साधं, स्वस्त, बिघडायला फारसं काही नाही. मुंबईचे डॉ. रूपिन शाह यांनी तयार केलेलं शाह इम्प्लांट याच जातीतलं, आणि परदेशी मालाच्या किमतीच्या मानानं ते पुष्कळ स्वस्त पडतं, म्हणून आपल्याकडे बरंच वापरलं जातं. तोटा असा की लिंग सतत घट्टच राहतं. पातळ पायजमा, घट्ट पँट, तालमीतला लंगोट यांत ते जाणवतं, कधी दिसतंही. पाण्याचं इम्प्लांट ढिलं असताना नैसर्गिक दिसतं, भरल्यावर जाडीही चांगली येते. पण भाग जास्त, म्हणून बिघाडाची शक्यता जास्त आणि खर्च काही लाखांत.

माझं मत विचाराल तर किमतीआधी हातांकडे बघा. संधिवातानं बोटं वाकलीत, लकव्यानं एक हात गेलाय, पोट एवढं सुटलंय की पंपापर्यंत हात पोचत नाही, अशा माणसाला महागडा पंप देऊन काय उपयोग? त्याला दांडीचंच बरं. उलट ज्याच्या लिंगाच्या टोकाशी संवेदना कमी आहे (मणक्याची इजा, फार जुनी शुगर), त्याला सततची कडक दांडी आतून टोचत राहते आणि कातडीला भोक पाडू शकते. तिथे सर्जन बहुधा पाण्याच्या बाजूनं झुकतात.

६. लांबी वाढते काय?

नाही. उलट बऱ्याच जणांना आधीपेक्षा थोडं कमी वाटतं, कारण ते वीस वर्षांपूर्वीच्या आठवणीशी तुलना करतात. शिवाय लिंगाच्या पुढच्या बोंडात दांडी जात नाही, त्यामुळे ते नैसर्गिक ताठरतेत फुगतं तसं फुगत नाही. ऑपरेशनच्या आधी सर्जनला लिंग ओढून लांबी मोजून दाखवायला सांगा. नंतर मिळणार ती साधारण तेवढीच. हा एक आकडा आधी डोळ्यांनी बघितला की पुढची निम्मी नाराजी टळते.

७. मजा तीच राहते का? वीर्य येतं का? मूल होऊ शकतं का?

संवेदना, सुखाचा क्षण, वीर्य आणि लघवी यांच्या वाटा वेगळ्या आहेत. इम्प्लांट त्यांच्या आड येत नाही. ऑपरेशनआधी जे होतं ते बहुतेकांना नंतरही राहतं. आधी वीर्य येत असेल तर येतं, मूलही होऊ शकतं. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी ग्रंथीच काढली असेल तर वीर्य येणारच नाही, तो दोष इम्प्लांटचा नाही.

इच्छा मात्र यातून मिळत नाही. मनातच नसेल तर आधी टेस्टोस्टेरॉन, नैराश्य, दारू, घरातले ताणतणाव हे बघावं लागतं. शीघ्रपतनही थांबत नाही; एवढाच फरक की पतनानंतर ताठरता टिकून राहते.

८. नाही आवडलं तर काढून टाकता येतं ना?

काढता येतं, पण पहिल्यासारखं होत नाही. दांडी बसवताना आतला स्पंजाळ भाग रुंद करावा लागतो आणि तो पुन्हा आपलं काम करत नाही. काढल्यावर गोळीनंही सहसा फरक पडत नाही. म्हणून सही करण्याआधी घरी जाऊन विचार करा. त्यात आठ-पंधरा दिवस गेले तरी काही बिघडत नाही.

९. शुगर ९ च्या वर आहे. चालतंय काय?

९ म्हणजे एचबीए१सी, तीन महिन्यांची सरासरी. बरेच सर्जन ती ८ च्या आसपास किंवा खाली आणून या म्हणतात. नेमकी रेघ कुठे ओढायची यात तज्ज्ञांचा मतभेद आहे, पण शुगर जितकी जास्त तितका जंतुसंसर्गाचा धोका जास्त आणि जखम तितकी उशिरा भरते.

पहिल्यांदा ऑपरेशन होणाऱ्यांत संसर्ग साधारण शंभरात १ ते ३ जणांना होतो. आकडा लहान आहे, पण ज्याला होतो त्याचं बहुधा सगळं इम्प्लांट काढावं लागतं, कारण रबरासारख्या वस्तूवर चिकटलेले जंतू औषधानं निघत नाहीत. म्हणून तारखेची घाई नको. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात चहाची साखर सोडून हा आकडा खाली येत नाही; त्याला दोन-तीन महिने द्यावे लागतात. गुऱ्हाळाचा हंगाम असला तरी काकवी आणि ताजा गूळ ‘नैसर्गिक आहे’ म्हणून सूट घेऊ नका. शुगरला ते कळत नाही.

१०. कोणकोणत्या गोळ्यांबद्दल आधी सांगायचं?

सगळ्याच. गोळ्यांची पिशवी जशीच्या तशी उचलून आणा. त्यातल्या तीन गटांबद्दल मुद्दाम विचारतो.

रक्त पातळ करणाऱ्या : अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल वगैरे. स्टेंट बसलेल्या माणसानं या स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत. किती दिवस आधी आणि करायच्या की नाही, हे हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतात.

शुगरच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या, ज्या लघवीतून साखर बाहेर टाकतात. उपाशीपोटी ऑपरेशनच्या वेळी यांच्यामुळे रक्तात आम्ल साठू शकतं, आणि तेही शुगर फारशी न वाढता, त्यामुळे चटकन लक्षात येत नाही. साधारण तीन दिवस आधी थांबवतात. बदली औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या. याच गोळ्यांनी लिंगाच्या कातडीवर बुरशीही येते (प्रश्न १२).

वजन किंवा शुगरसाठी आठवड्याला घ्यायचं सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन. त्यानं पोट उशिरा रिकामं होतं, म्हणून भूल देणाऱ्यांना सांगायचंच.

११. मावा चार दिवस बंद ठेवला तर बास का?

बास नाही. किमान चार आठवडे आधी आणि जखम भरेपर्यंत नंतर. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि टाक्यांच्या जागी रक्त कमी पोचतं. विडी, सिगरेट, मावा, गुटखा, तंबाखू-चुना आणि मिश्रीसुद्धा. ‘मी ओढत नाही, फक्त दाढेखाली ठेवतो’ ही पळवाट इथे चालत नाही. निपाणीच्या आसपासच्या मंडळींना हे जड जातं याची कल्पना आहे.

१२. जांघेत गजकर्ण आहे. ऑपरेशन करून घेऊ का?

आधी ते पूर्ण बरं करा. आपल्याकडे पावसाळ्यात जांघ ओली राहते, कपडे वाळत नाहीत, आणि नायटा, फोड, केसतूड यांचा सुकाळ असतो. ऑपरेशनची चीर तिथूनच हातभर नाही, बोटभर अंतरावर असते. मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइड मिसळलेली मलमं लावू नका. खाज थांबते, बुरशी पसरते. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. दाढ किडून सुजली असेल तर तीही आधी दाखवा, आणि लघवीत जंतू नाहीत ना याची तपासणी होईलच.

केस घरी वस्तऱ्यानं काढून येऊ नका. ही चूक हमखास होते. माणूस ‘स्वच्छ होऊन जाऊ’ म्हणून आदल्या रात्री ब्लेड फिरवतो, बारीक कापतं, सकाळी तिथे लालसर पुटकुळ्या दिसतात आणि तारीख पुढे जाते. केस हॉस्पिटलात, ऑपरेशनच्या आधी काढतात. तुम्ही फक्त सांगितलेल्या साबणानं किंवा औषधी द्रावणानं आंघोळ करून या.

१३. बायकोला न सांगता करता येईल का?

कायद्यानं संमती तुमची लागते, तिची सही नाही. पण बरेच सर्जन आधी दोघांशी बोलू इच्छितात आणि मलाही तेच पटतं. घरी सूज आणि टाके घेऊन तीन आठवडे लपणार कुठे? आणि सहा आठवड्यांनी तिला अचानक काय दाखवणार? तिचं मत विरोधातलं असेल तर ते आधी कळलेलं बरं.

१४. कोल्हापुरात करू, मिरजेला की पुण्या-मुंबईला? आणि विमा?

मला शहरापेक्षा दोन उत्तरं महत्त्वाची वाटतात. सर्जनला विचारा : तुम्ही हे ऑपरेशन नियमित करता का, कोणत्या प्रकारचं? आणि घरी गेल्यावर रात्री दोनला ताप आला तर मला कोण बघणार? पुण्यात केलं तर दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवरून प्रत्येक शंकेला जाणं जमत नाही. तेव्हा डिस्चार्जच्या वेळीच इथल्या एखाद्या युरॉलॉजिस्टचं नाव ठरवून, सगळी कागदपत्रं त्यांच्याकडे पोचवून घ्या. मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं येणार असाल तर खालचा बर्थ. गाडीनं येणार असाल तर दीड-दोन तासांनी थांबून चार पावलं चालायचं, पायात रक्त साकळू नये म्हणून. सुरुवातीचा सल्ला आणि तपासण्या यांसाठी सीपीआरच्या (कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाच्या) ओपीडीतही जाता येतं.

विमा : अनेक पॉलिसींमध्ये लैंगिक समस्यांवरचे उपचार वगळलेले असतात. अपघात किंवा कॅन्सरनंतरची गोष्ट असेल तर कारण स्पष्ट लिहून आधीच लेखी विचारा. तोंडी ‘होऊन जाईल’ला किंमत नाही.

१५. ऑपरेशनच्या दिवशी काय काय होतं?

सांगितल्या वेळेपासून उपाशी. कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर करतात किंवा पूर्ण भूल देतात. चीर अंडकोशाच्या वरच्या बाजूला किंवा लिंगाच्या मुळाशी वर, साधारण दोन इंचांची. दीड-दोन तासांचं काम. जागे झालात की लघवीची नळी असते, ती बहुधा दुसऱ्या दिवशी काढतात. काही वेळा रक्त निथळायला बारीक नळीही असते. पाण्याचं इम्प्लांट रक्त कमी साचावं म्हणून सुरुवातीला थोडं भरून ठेवतात. पट्टी सोडल्यावर लिंग अर्धवट ताठ दिसलं तर घाबरू नका. एक-दोन दिवसांत घरी.

१६. अंडकोश जांभळा पडलाय, नारळाएवढा सुजलाय. हे बरोबर आहे का?

जांभळेपणा आणि सूज अपेक्षित आहे. पहिले चार-पाच दिवस वाढते, मग उतरायला लागते. दुखणं पहिल्या आठवड्यात जास्त, नंतर कमी होत जातं, पण काहींना, विशेषतः शुगरवाल्यांना, चार-सहा आठवडे ठसठस राहते. बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, थेट कातडीवर नाही. झोपताना अंडकोशाखाली घडी केलेला टॉवेल. पण सूज एकदम वाढली, एका बाजूलाच टणक झाली, किंवा उतरायला लागून पुन्हा चढली, तर प्रश्न २२ वाचत बसू नका, फोन करा.

१७. आधाराला लंगोट बांधला तर? आम्ही तालमीतली माणसं.

विचार बरोबर, साधन चुकीचं. पहिले काही आठवडे लिंग पोटाच्या दिशेनं वर ठेवायचं असतं, म्हणजे भरताना ते खाली वाकून बसत नाही. लंगोट सगळं खाली आणि मागे ओढतो. त्यापेक्षा मेडिकलमध्ये मिळणारा अंडकोशाचा सपोर्ट किंवा नीट बसणारी सुती अंडरवेअर घ्या, लिंग वर नाभीकडे वळवून. रोज बदला, इस्त्री करून घाला. तालमीत परतायचं कधी ते प्रश्न २० मध्ये.

१८. मटण, अंडी खाल्ली तर टाक्यात पू होतो का?

नाही हो. पू जंतूंनी होतो. जखम भरायला प्रथिनं लागतात, तेव्हा अंडी, मटण, मासे, डाळी, दूध खुशाल खा. पांढरा रस्सा चालेल; तांबडा पहिल्या आठवड्यात जपून, कारण दुखण्याच्या गोळ्यांनी पोट आधीच जळजळतं. खरी काळजी बद्धकोष्ठाची. कुंथलं की टाक्यांवर ताण येतो. पाणी, पालेभाजी, रात्री इसबगोल, गरज पडली तर डॉक्टरांनी दिलेलं औषध. पहिले दोन आठवडे कमोड वापरता आला तर उत्तम. उकिडवं बसताना जखम ओढली जाते. घरी नसेल तर भाड्यानं कमोडची खुर्ची मिळते.

१९. आंघोळ कधी? पंचगंगेत पोहायला कधी?

अंगावर पाणी घेऊन आंघोळ साधारण दोन-तीन दिवसांनी, पट्टी कधी काढायची ते सर्जन सांगतील त्याप्रमाणे. जखम चोळायची नाही, टिपून कोरडी करायची. हळद, भस्म, तेल, पावडर काही लावायचं नाही. नदी, विहीर, तलाव आणि टब सहा आठवडे बंद.

२०. कामावर कधी जाऊ?

काय काम करता त्यावर आहे. टेबलावरचं काम, दुकानातला गल्ला : दहा-चौदा दिवस. शिकवणं, उभं राहून करायचं हलकं काम : दोन-तीन आठवडे. फाउंड्री, यंत्रमाग, हमाली, ऊसतोड, दुधाचे कॅन उचलणं : सहा आठवडे, आणि तेही परवानगीनंतर. मोटरसायकल चार ते सहा आठवडे नको. पावसाळ्यानंतरचे आपले खड्डे लक्षात घेतले तर मी सहाच म्हणेन. ट्रॅक्टर आणि सायकलचं सीट त्याहून थोडं उशिरा. कुस्ती आणि जोर-बैठका सर्जनला विचारल्याशिवाय नाहीत, कारण पोटात टाकी असेल तर ती तिथे पक्की बसायला वेळ लागतो. रंकाळ्यावर सपाटीला सावकाश फेरी मात्र पहिल्या आठवड्यापासून चांगली. जोतिबाच्या पायऱ्या नंतर.

२१. पंप चालवायला कधी शिकवतात? मला तर भीती वाटते. आणि संबंध कधी?

सूज आणि दुखणं उतरलं की, साधारण तीन ते सहा आठवड्यांनी. तोपर्यंत पंपाला हात लावायचा तो एवढ्यासाठीच की तो पिशवीत खाली राहावा. सर्जननं सांगितलं असेल तर रोज आंघोळीच्या वेळी हलक्या हातानं खाली ओढायचा.

पहिल्यांदा ओपीडीतच, कुणाच्या तरी देखरेखीत करा. एका हातानं पंपाची वरची नळी धरून तो स्थिर ठेवायचा, दुसऱ्या हाताच्या अंगठा-तर्जनीनं फुगा पूर्ण दाबायचा आणि पूर्ण सोडायचा. अर्धवट दाबलं तर पाणी जात नाही. पहिल्या दाबाला तो बऱ्याचदा अडून बसतो, जरा जोर लागतो. बिघडला असं समजू नका. उतरवताना बटण दाबून लिंग हलकेच पिळायचं, सगळं पाणी परत गेलं पाहिजे. पुढचे काही आठवडे रोज एक-दोनदा सराव. ताणाची कळ येते, ती हळूहळू जाते.

संबंध साधारण सहा आठवड्यांनंतर, सर्जननं जखम पाहून हो म्हटल्यावर. एका ताईंनी विचारलं होतं, ‘मला लागेल का हो?’ लागत नाही. पण अनेक वर्षांचा खंड आणि पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा यांमुळे बाईला दुखू शकतं. पाण्याचा आधार असलेलं जेल वापरा, घाई करू नका, फारच दुखत असेल तर तिनं स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं. एक सवय बदलावी लागते : पूर्वी ताठरता म्हणजे शरीर तयार झाल्याची खूण होती, आता ती दोन मिनिटांत पंपानं येते. मनाची तयारी दोघांची व्हायला तेवढाच वेळ पुरत नाही.

२२. कोणत्या लक्षणांना लगेच धावायचं?

ताप किंवा हुडहुडी, जखमेतून पू किंवा वास येणारं पाणी, कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं, पंपावरची कातडी लाल होऊन त्याला चिकटणं, लिंगाच्या टोकाशी किंवा कातडीतून नळी-दांडी दिसणं, लघवी अडणं, बोंड काळपट पडणं. पहिल्या महिन्यातच नव्हे, वर्षभरात कधीही.

यात गावच्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिकची इंजेक्शनं घेत आठवडा काढू नका. लवकर आलात तर काही वेळा जुनं काढून, आत धुऊन, त्याच बैठकीत दुसरं बसवता येतं. उशीर झाला तर नुसतं काढावं लागतं, आणि मग आत व्रण धरून लिंग आखडतं. पुढचं ऑपरेशन फार अवघड होतं.

२३. घरी आणि पाहुण्यांना काय सांगायचं? ‘हर्नियाचं ऑपरेशन’ सांगितलं तर?

पाहुण्यांना खुशाल सांगा. भेटायला येणारे केळी घेऊन येतात, चौकशी करतात आणि पाचव्या मिनिटाला ऊसदरावर घसरतात. डॉक्टर तुमची माहिती बाहेर देत नाहीत. कामावरच्या दाखल्यात ‘युरॉलॉजीची शस्त्रक्रिया’ एवढं पुरतं, तसं लिहून मागा.

पण हेच खोटं पुढे डॉक्टरांना सांगू नका. दहा वर्षांनी खरंच हर्निया झाला, किंवा प्रोस्टेट, मूत्राशय, किडनी बदलण्याचं ऑपरेशन निघालं, तर नव्या सर्जनला ओटीपोटातली टाकी आणि नळ्या कुठे आहेत ते आधी माहीत हवं. सुरी लागली तर सगळंच गेलं.

२४. एमआरआय, विमानतळ, मेल्यावर दहन?

आजच्या बहुतेक इम्प्लांटना एमआरआय चालतो, काही जुन्या धातूच्या मॉडेलना चालत नाही. म्हणून डिस्चार्जच्या वेळी मिळणारं कार्ड (कंपनी, मॉडेल, क्रमांक) जपा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा. विमानतळावर क्वचित यंत्र वाजलं तर कार्ड दाखवा. दहनाला अडचण नाही. पेसमेकरसारखी यात बॅटरी नसते. हा प्रश्न विचारायला लोक फार लाजतात, पण विचारतात बरेच जण.

२५. किती वर्षं टिकतं? मध्येच बंद पडलं तर?

पाण्याची चांगली इम्प्लांटं पाच वर्षांनी दहातली नऊच्या आसपास चालू असतात. दहा-पंधरा वर्षांत काहींना बदलावं लागतं. गळती झाली तर फक्त सलाइन असतं, ते शरीर शोषून घेतं, विषबाधा होत नाही. घाई नसते, पण बदलायला फार वर्षंही लावू नका. दुसऱ्या ऑपरेशनला संसर्गाचा धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो, तेव्हा प्रश्न ९ ते १२ ची तयारी पुन्हा पहिल्यापासून. आपोआप थोडं भरायला लागलं, विशेषतः पोटावर जोर आला की, तर आधी पूर्ण उतरवून बघा. चालूच राहिलं तर दाखवा.

२६. पुढे कधी अपघात होऊन आयसीयूत लघवीची नळी घालायची वेळ आली तर?

नळी घालता येते. त्याआधी पाण्याचं इम्प्लांट पूर्ण उतरवलेलं हवं, नळी बारीक आणि भरपूर जेल लावून घालायची, जबरदस्ती करायची नाही, आणि शक्य तेवढ्या लवकर काढायची. अडलं तर युरॉलॉजिस्टला बोलवायचं. बेशुद्ध माणूस हे सांगू शकत नाही, म्हणून घरातल्या एकाला तरी, बायको असो, मोठा मुलगा असो, भाऊ असो, इम्प्लांट आहे हे माहीत असावं आणि कार्ड कुठल्या कपाटात आहे तेही.